जे दिसते ते काढणे

उषेला स्वप्नात दिसलेला तरुण कोण, हे शोधण्यासाठी तिची सखी चित्रलेखा हिने देवांची, गंधर्वांची आणि राजपुरुषांची चित्रे एकामागून एक काढून दाखवली आणि अनिरुद्धाचे चित्र पुढे येताच उषेने लाजून मान खाली घातली, ही पुराणातली कथा आपल्या परिचयाची आहे. चित्र ‘ओळखू येणे’ म्हणजे काय, याचा याहून सुंदर दाखला सापडणे कठीण. पण या कथेने नवशिक्यांचे थोडे नुकसानही केले आहे. चित्रलेखा योगविद्या जाणणारी होती. तेव्हापासून की काय, हुबेहूब चित्र काढणे ही एक सिद्धी आहे, ती ज्याला असते त्याला असते आणि नसते त्याला नसते, अशी आपली पक्की समजूत होऊन बसली आहे. ‘तिच्या हातातच कला आहे हो’, ‘आमच्याकडे कुणालाच चित्रकला नाही’, ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. आणि शाळेत आठवी-नववीत मिटलेली चित्रकलेची वही बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर मिटलेलीच राहते.

मी पेन्सिल हातात घेतली ती महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमीजिएट या परीक्षा मी दिलेल्या नव्हत्या. गेल्या दोन वर्षांत जे शिकता आले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, हुबेहूब चित्रणात हाताचे काम निम्म्याहून कमी आहे. उरलेले सगळे डोळ्याचे आहे, आणि डोळा कोणत्याही वयात शिकवता येतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉग याने चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले नमुन्यांचे तक्ते त्याने पुन्हा पुन्हा गिरवले. पुढचे सारे रंगांचे वैभव या रेषांच्या पाठांनंतरचे आहे. तेव्हा विशी उलटली म्हणून कोणी हताश होण्याचे कारण नाही.

शिसे नसलेली शिसपेन्सिल

आधी साधनांविषयी. आपण जिला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे एका काळ्या, मऊ खनिजाचा मोठा साठा सापडला. लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटले आणि नाव चिकटले ते चिकटलेच. हे खनिज म्हणजे कार्बनचेच एक रूप आहे, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कळले आणि १७८९ साली त्याला ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ग्रॅफाइट’ हे नाव मिळाले. पुढे इंग्लंडशी युद्ध चालू असताना फ्रान्सला हे खनिज मिळेनासे झाले, तेव्हा निकोला-जाक काँते याने १७९५ मध्ये ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून, कांड्या करून त्या भट्टीत भाजण्याची युक्ती काढली. आजही पेन्सिली मुळात याच पद्धतीने होतात.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, पेन्सिलीवरच्या अक्षरांचा अर्थ त्यात आहे. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि रेघ फिकी. ग्रॅफाइट जास्त तर पेन्सिल मऊ आणि रेघ काळी. ‘एच’ म्हणजे कठीण, ‘बी’ म्हणजे काळी, ‘एचबी’ मधली. नवशिक्याला एचबी, २बी, ४बी आणि ६बी एवढ्या चार पेन्सिली पुरेशा आहेत. चोवीस पेन्सिलींचा डबा घेऊन येणाऱ्याचा पहिला महिना पेन्सिली निवडण्यातच जातो.

पेन्सिलीला टोक पात्याने करावे. लाकूड लांब तासून कांडी बोटाच्या एका पेराएवढी उघडी ठेवावी. म्हणजे उभी धरली तर टोकाची बारीक रेघ मिळते आणि आडवी धरली तर बाजूची रुंद, मऊ छटा मिळते. लिहिताना धरतो तशी पेन्सिल धरली की हालचाल बोटांपुरती राहते. मोठ्या रेषेसाठी ती मागे, सैल धरावी आणि हात खांद्यापासून हलू द्यावा. कागद थोडा खरखरीत असावा, कारण ग्रॅफाइटचे कण त्या खरखरीतच अडकून बसतात. गुळगुळीत कागदावर गडद छटा चढतच नाही, केवळ चकाकते. कार्ट्रिज कागद उत्तम. पण सरावाला पाठकोऱ्या कागदांनी माझे काम भागले आहे.

मन काय सांगते आणि डोळा काय पाहतो

आता मूळ मुद्दा. ताट गोल असते हे मनाला ठाऊक आहे. म्हणून समोर जेवायला मांडलेले ताट काढताना नवशिका ते गोलच काढतो. प्रत्यक्षात त्याच्या डोळ्याला लंबवर्तुळ दिसत असते. टेबलाला चार सारख्या उंचीचे पाय आहेत हे मनाला ठाऊक, म्हणून चारही पाय सारखे काढले जातात आणि टेबल कोसळल्यासारखे दिसू लागते. मनाजवळ प्रत्येक वस्तूची एक तयार खूण असते: डोळा म्हणजे बदाम, नाक म्हणजे दोन टिंबे, झाड म्हणजे खोडावरचा ढग. व्यवहारात या खुणांची फार मदत होते. पण चित्र काढायला बसल्यावर त्या समोरच्या वस्तूच्या आड येतात.

हे पटत नसेल त्यांनी एक प्रयोग करावा. न्हाणीघरातल्या आरशावर वाफ जमली की एक डोळा मिटून, हात लांब करून, आरशातल्या आपल्या चेहऱ्याची बाह्यरेषा बोटाने गिरवावी आणि मग ती मोजावी. ती आपल्या चेहऱ्याच्या बरोबर निम्म्या आकाराची भरते. आपण आरशाच्या जवळ असू वा दूर, काही फरक पडत नाही. कला-इतिहासकार गॉम्ब्रिच यांनी १९६० सालच्या आपल्या ग्रंथात या गोष्टीचा उल्लेख केला आहे. रोज सकाळी आपण ज्या आरशात भांग पाडतो, त्यातली आपली प्रतिमा निम्म्या आकाराची आहे हे कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण मन ती परस्पर पूर्ण आकाराची करून घेते. मनाच्या या मधल्या दलालीला बाजूला सारणे, हाच वास्तव चित्रणाचा सारा अभ्यास आहे.

गवंड्याची विद्या

त्यासाठी जुन्या चित्रकारांनी जे उपाय शोधले ते गवंड्याच्या उपायांसारखेच साधे आहेत. पहिला उपाय मापाचा. हात कोपरात न वाकवता पूर्ण ताठ करावा, एक डोळा मिटावा, पेन्सिलीचे टोक वस्तूच्या वरच्या कडेशी जुळवावे आणि खालच्या कडेशी अंगठा आणावा. हे झाले उंचीचे माप. तीच पेन्सिल आडवी करून रुंदीवर ठेवली की कळते, रुंदी उंचीच्या निम्मी आहे की पाऊणपट. हात वाकला की माप बदलले, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरा उपाय ओळंब्याचा. दोऱ्याला किल्ली बांधून ती समोर लोंबती धरली की कळते, कानाच्या पाळीच्या खाली खांद्याचा कोणता भाग येतो, मानेचा कल किती आहे. माणसाचे चित्र ‘पडते आहे’ असे वाटले तर ओळंबा तत्काळ दोष दाखवतो.

तिसरा उपाय रिकाम्या जागेचा, आणि मला स्वतःला तो सर्वांत उपयोगी पडला. कपाचा कान काढायचा असेल तर कान काढू नये; कान आणि कप यांच्यामधून पलीकडचे जे दिसते, त्या पोकळीचा आकार काढावा. खुर्ची काढताना खुर्चीच्या दांड्यांमधल्या जागा काढाव्या. या जागांना नाव नसते, त्यांची तयार खूण मनाजवळ नसते. म्हणून तिथे मन गप्प बसते आणि डोळा मोकळेपणाने काम करतो.

चौकटीचा उपायही जुनाच. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५२५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात, चौकट आणि दोरा यांच्या साह्याने एका तंतुवाद्याचे अचूक चित्र कसे काढता येते ते दाखवले आहे. पुठ्ठ्याला पोस्टकार्डाएवढी खिडकी कापून तिच्यावर दोन दोरे उभे-आडवे ताणले की आपली चौकट तयार होते. तिच्यातून पाहताना वस्तूच्या कडांचे कल त्या दोऱ्यांशी ताडून पाहता येतात.

संक्रांतीचे सुगड

पहिला विषय कोणता घ्यावा? चकचकीत स्टीलचा तांब्या नको. त्यात सारी खोली वेडीवाकडी दिसते आणि नवशिका गोंधळतो. संक्रांतीचे एखादे मातीचे सुगड घरात माळ्यावर पडलेले असतेच, ते खाली काढावे. त्याला चकाकी नाही, आकार साधा आहे, आणि शिकण्यासारखे सारे त्यात आहे.

सुगड मेजावर, डोळ्याच्या पातळीखाली ठेवावे. आधी मधोमध एक फिकी उभी रेषा घ्यावी. दोन्ही बाजू तिच्याशी ताडून पाहाव्या. मग तोंड, मान, पोट, बूड अशा प्रत्येक ठिकाणी एकेक पूर्ण लंबवर्तुळ काढावे, मागची न दिसणारी कडासुद्धा काढावी, जणू सुगड काचेचे आहे. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. लंबवर्तुळाची टोके कधीही अणकुचीदार नसतात, ती वळतात. आणि डोळ्याच्या पातळीपासून जसजसे खाली जावे तसतसे वर्तुळ अधिक उघडत जाते. तोंडाचे वर्तुळ चपटे दिसत असेल तर बुडाची कड त्याहून अधिक गोलाईची हवी. सुगड जमिनीवर टेकले आहे म्हणून बूड सरळ रेषेने काढणे, ही नवशिक्यांच्या चित्रांत हमखास आढळणारी गोष्ट आहे, आणि ती पुन्हा त्या दलाल मनाचीच करामत आहे.

रेषा पूर्ण होईपर्यंत खोडरबर हातात घेऊ नये. चुकलेली फिकी रेषा राहू द्यावी, तिच्या शेजारी बरोबर रेषा काढावी. पहिली रेषा दुसरीला मार्ग दाखवते.

उजेड आणि पट्टी

आकार जमला की छायाप्रकाश. यासाठी उजेड एकाच बाजूने यायला हवा. वरचा दिवा आणि खिडकी दोन्ही चालू असतील तर सावल्या एकमेकींना खोडतात. चित्रकार उत्तरेच्या खिडकीला मान देतात, कारण आपल्याकडे वर्षाचा बराचसा काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलून असतो आणि उत्तरेकडून मऊ, स्थिर उजेड येतो. मात्र पुण्यासारख्या ठिकाणी मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. त्या दिवसांत खिडकीला पातळ पांढरे कापड लावावे.

चुना लावून पांढरा केलेला एखादा चेंडू अशा उजेडात ठेवला की सहा गोष्टी दिसतात: सर्वांत उजळ झळाळी, उजेडाचा भाग, मधली छटा, गडद छाया, तिच्या पलीकडे कडेला जमिनीवरून उलट आलेला मंद प्रकाश आणि शेवटी जमिनीवर पडलेली पडछाया. नवशिक्याला तो उलट आलेला प्रकाश दिसू लागला की फार आनंद होतो आणि तो त्याला पांढराशुभ्र ठेवतो. पण तो छायेच्या राज्यातला आहे. उजेडाच्या बाजूच्या कोणत्याही छटेहून तो काळसरच असतो.

छटा ओळखण्यासाठी डोळे किलकिले करून पाहावे. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि काळ्या-पांढऱ्याचे मोठे पट्टे उरतात. तेच आधी भरावे. कागदाचा पांढरेपणा हा आपला सर्वांत मोठा उजेड आणि ६बीची काळी छटा हा सर्वांत मोठा अंधार. खिडकीतल्या उजेडापुढे ही मर्यादा फारच तोकडी आहे. म्हणून खरा उजेड कागदावर आणता येत नाही. छटांमधले नाते मात्र आणता येते. गायक आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी ठरवतो आणि मग बाकीचे स्वर त्या षड्जाशी जुळवतो, तसेच हे आहे. सुरुवातीला कागदाच्या कडेला पाच चौकोन आखून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच सारख्या पायऱ्या भराव्या. चित्रातली प्रत्येक छटा त्यांतल्या कोणत्या पायरीची, ते ठरवूनच पेन्सिल टेकवावी.

छटा दाबून एकदम भरू नये. हलक्या हाताने, थर चढवत जावे. दाबले की कागदाची खरखर मोडते, ग्रॅफाइट चकाकू लागते आणि वरून काही चढत नाही. बोटाने घासून छटा मऊ करण्याचा मोह टाळावा. बोटाच्या तेलकटपणाने डाग पडतात आणि सगळ्या वस्तू एकाच धुरकट द्रव्याच्या वाटतात. हाताखाली कोरा कागद ठेवावा. आणि कडा सारख्या ठेवू नयेत: जिथे गडद आणि उजळ एकदम भेटतात तिथे कड ठसठशीत, जिथे पृष्ठभाग वळत जातो तिथे मऊ, आणि छाया छायेत मिसळते तिथे कड हरवू द्यावी. घट्ट तारेसारखी सारखी बाह्यरेषा चित्राला कातरकामाचे रूप देते.

माणसे

मडक्यांनंतर माणसांकडे वळावे. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. दोन डोळ्यांच्या मध्ये अदमासे एका डोळ्याची जागा असते. बहुतेक नवशिके डोळे कपाळावर चढवतात, कारण बोलताना आपले सारे लक्ष डोळे आणि ओठ यांच्याकडे असते, कपाळ आणि टाळू यांना मन हिशेबात धरत नाही. पण ही प्रमाणे केवळ मचाणासारखी. माणूस ओळखू येतो तो प्रमाणात बसल्यामुळे नव्हे, तर प्रमाणापासून जिथे तो सरकतो तिथे.

हे मला आजीने शिकवले. ती दुपारी ओसरीवर वाल सोलत बसली असताना मी तिचे हात काढायला घेतले. हात हा अवघड विषय. पण ती एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत होती, त्यामुळे तीच ठेवण परत परत पाहायला मिळे. मापे घेताना उजव्या हाताची करंगळीशेजारची बोटे जुळेनात. एक बोट मधल्या पेरापासून बाहेर वळत होते. मी विचारले, “आजी, हे बोट असं कसं गं?” ती म्हणाली, “रहाटाच्या दोरात सापडलं होतं. लगीन होऊन दुसरंच वर्ष. तेव्हा कुठला डॉक्टर नि काय, हळद लावून बांधलं.” आई तिथेच होती. ती म्हणाली, “चित्रात सरळच काढ, छान दिसेल.” आजी वाल सोलता सोलता म्हणाली, “नको गं. वाकडं आहे ते वाकडंच राहू दे. त्याच बोटानं जन्मभर भाकरी थापली.”

मी ते बोट तीन वेळा काढले. ‘वास्तववादी चित्र’ या शब्दाचा मला कळलेला अर्थ त्या बोटाएवढाच आहे. सरळ बोट काढणे सोपे होते, कारण सरळ बोटाची खूण मनाजवळ तयार होती. पण मग तो हात कोणाचाही झाला असता.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) १८९० साली दाखल होऊन पुढे तिथेच १९३१ पर्यंत अध्यापन करणारे महादेव विश्वनाथ धुरंधर यांची मुंबईच्या रस्त्यांवरील माणसांची रेखाटने पाहिली की हेच जाणवते. पगडीची ठेवण, लुगड्याचा काचा, डोक्यावर ओझे घेतल्यावर मानेला आलेला ताठपणा, यांतला प्रत्येक तपशील एका विशिष्ट माणसाचा आहे. समाजशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीही ती आवर्जून पाहावीत.

कॅमेरा असताना हे कशाला?

हा प्रश्न मला वर्गात अनेकदा विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि आज ती प्रत्येकाच्या खिशात आहे. नुसती प्रतिमाच हवी असेल तर पेन्सिलीची गरज नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे.

फोटोवरून चौकटी आखून चित्र काढणे सर्रास चालते. नक्कल करण्यात कमीपणा नाही. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या, आणि त्यातून त्यांचा डोळा घडला. पण मोबाइलने जवळून घेतलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. सावल्या काळ्याकुट्ट होतात. आणि मुख्य म्हणजे तीन मितींच्या दोन मिती करण्याचे अवघड काम यंत्राने आधीच केलेले असते. जे शिकायचे तेच आपल्याऐवजी दुसऱ्याने केलेले असते. म्हणून निदान पहिले वर्षभर समोरची वस्तूच पाहावी.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो. चित्र इतके हुबेहूब की तो स्वतःच क्षणभर फसतो. पण पाहता पाहता त्याला काय काय राहून गेले ते आठवू लागते: मालिनीच्या वाळवंटातले हंस, कानावरचे शिरीषाचे फूल. ज्याला शापामुळे सगळेच विसरायला झाले होते, त्याला चित्र काढताना फूलसुद्धा आठवते. कालिदासाने हा प्रसंग तिथे घातला तो उगाच नव्हे. काढणे ही आठवण्याची आणि लक्ष देण्याची रीत आहे. चित्र चांगले येवो अथवा न येवो.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांनी रोज अर्धा तास काढावा. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक फळतो. पहिला महिना केवळ रेषा: सुगड, कप, खुर्ची, जिना, आणि रिकाम्या जागा. दुसरा महिना छटा: पाच पायऱ्यांचा पट्टा, पांढरा चेंडू, पेरू, घडी केलेला पंचा. तिसऱ्या महिन्यात आपलाच डावा हात. तो कायम जवळ असतो आणि बसण्याचे पैसे मागत नाही. चित्र पुरे झाले असे वाटले की ते आरशात पाहावे किंवा उलटे धरावे. ओळखीचे चित्र परके होते आणि कुठे कल गेला आहे ते लगेच दिसते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालावी आणि एकही कागद फाडू नये. तीन महिन्यांनी ते ओळीने मांडले म्हणजे आपण किती चाललो ते दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

आणि घरातल्या कोणाला तरी समोर बसवावे. माणसे आधी संकोचतात, “माझं काय काढतेस” म्हणतात, मग केस सारखे करतात आणि बसतात. अर्ध्या तासाने ती बोलू लागतात. तेव्हा पेन्सिल चालू ठेवावी आणि ऐकावे.